टंच कोणी काढायचा? : कोल्हापूरचे मिशन, हंटर आयोग आणि चपलेचा करार

डिसेंबर २०२५ मध्ये मुंबईत एक करार झाला. एका बाजूला इटलीची प्राडा ही कंपनी होती. दुसऱ्या बाजूला महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकाचे बाबू जगजीवनराम यांच्या नावाचे चर्मोद्योग महामंडळ होते. त्याआधी सहा महिने, जून २०२५ मध्ये, मिलानच्या एका प्रदर्शनात कोल्हापुरी पायताणासारखीच पायताणे कोल्हापूरचा उच्चारही न करता मिरविण्यात आली होती. त्यावर गदारोळ उठला आणि कंपनीला ऋण मान्य करावे लागले. पुढे जी बोलणी झाली त्यांतून हा करार निघाला. दोन हजार जोड महाराष्ट्र-कर्नाटकात बनवायचे, जगातील चाळीस दुकानांत सुमारे आठशे युरोला विकायचे, आणि तीन वर्षे इथल्या कारागिरांना प्रशिक्षण द्यायचे, काहींना इटलीत नेऊनसुद्धा, असे त्या वेळी जाहीर झाले. अशा व्यवहाराला हल्ली 'क्षमतावृद्धीची आंतरराष्ट्रीय भागीदारी' म्हणतात.

तीन वर्षे संपतील तेव्हा या भागीदारीचा आढावा घेतला जाईल. अहवाल निघेल, छायाचित्रे छापली जातील, किती जणांना प्रमाणपत्रे मिळाली याचा तक्ता येईल. त्या आढाव्याचा आराखडा कोण करणार, कोणते प्रश्न विचारणार आणि कोणाला विचारणार, याचा विचार मात्र आजच व्हावयास हवा. मी ज्या हुपरीत इतिहास शिकवितो तिथे घरोघर चांदीचे काम चालते. माझ्या वर्गातली निम्मी पोरे सकाळी पैंजणाच्या कामावर हात काळे करून मग कॉलेजला येतात. चांदीचा टंच काढायचा असला म्हणजे तो विकणाऱ्याने स्वतःच काढून सांगावा आणि घेणाऱ्याने मान डोलवावी, असे त्यांच्यातला कुणीही मान्य करणार नाही. माणसांच्या बाबतीत मात्र गेली पावणेदोनशे वर्षे आपण नेमके हेच मान्य करीत आलो आहोत.

'क्षमतावृद्धी' हा शब्द नवा आहे, व्यवहार जुना आहे. समुद्रापलीकडून पैसा यायचा, माणसे यायची, इथल्या खालच्या थरातल्या लोकांना काही शिकवायचे, आणि ठराविक काळाने पैसा देणाऱ्यांनी येऊन हिशेब पाहायचा. मराठी मुलखात ह्या व्यवहाराचा पहिला मोठा प्रयोग अमेरिकन मराठी मिशनने केला. मुंबई आणि अहमदनगर ही त्याची मुख्य ठाणी. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढण्यापूर्वी जोतीरावांनी नगरला मिस फरार यांची शाळा पाहिली होती, हे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. ती शाळा याच मिशनची. आमच्या कोल्हापुरात या मिशनचे रॉयल गोल्ड विल्डर हे १८५२ साली आले. त्यांनी शाळांवर भर दिला. तीस वर्षांच्या काळात त्यांच्या शाळांतून ३,३०० मुले शिकली व त्यांत ३०० मुली होत्या, अशी नोंद त्यांच्या चरित्रात आढळते. त्या ३,३०० मध्ये महार किती, मांग किती, चांभार किती, हे ती नोंद सांगत नाही. या मुद्द्याकडे पुढे यायचे आहे.

विल्डर कोल्हापुरात स्थिरावतात न स्थिरावतात तोच मिशनची तपासणी आली. बोस्टनच्या मुख्य बोर्डाने आपले चिटणीस रूफस अँडरसन आणि ऑगस्टस थॉम्प्सन यांना हिंदुस्थानात व सिलोनात पाठविले. नोव्हेंबर १८५४ मध्ये ते मुंबईला उतरले. हिला 'डेप्युटेशन' असे म्हणत. अँडरसन हा सामान्य मनुष्य नव्हता. देशी मंडळी स्वतःच्या पायांवर उभी राहिली पाहिजे, तिने आपला कारभार आपण करावा, आपला खर्च आपण भागवावा, आपला प्रसार आपण करावा, हे सूत्र त्याने इंग्लंडच्या हेन्री व्हेन यांच्याइतक्याच आग्रहाने मांडले. आजचे विकासशास्त्रवाले 'स्वावलंबन' म्हणून जे सांगतात त्यातले बरेचसे त्याच्याकडे सापडेल. पण या सूत्रातून त्याने जो निष्कर्ष काढला तो आपल्या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. इंग्रजी शाळांवर खर्च करू नये, असे त्याचे मत होते. इंग्रजी शिकलेला मुलगा मंडळीत राहत नाही, सरकारी नोकरीत जातो. तेव्हा शिक्षण मातृभाषेत द्यावे आणि तेही मंडळीला पाळक व उपदेशक मिळण्यापुरतेच द्यावे. त्याप्रमाणे इंग्रजी शाळा मिटल्या. सिलोनातील जाफनाची बट्टिकोटा येथील नामांकित विद्यालयसंस्थाही १८५५ साली बंद झाली.

हा निर्णय कोणत्या घडीला झाला ते पाहा. जुलै १८५४ मध्ये वूडचा खलिता निघाला होता आणि खाजगी शाळांना सरकारी अनुदानाचा मार्ग त्याने मोकळा केला होता. त्याच वर्षी सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा संग्रह निघाला आणि त्यात शूद्रातिशूद्रांनी इंग्रजी शिकावे असा आग्रह होता. पुढे जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला व तो नाकारण्यात आला. मुंबई सरकारने त्याच्यावरचा अन्याय तत्त्वतः मान्य केला. पण एका महार मुलासाठी बाकीच्यांनी शाळा सोडली तर शाळेचा उपयोग काय, असे म्हणून हात झटकले. म्हणजे सरकारी शाळेचे दार बंद, आणि जे एक दार किलकिले होते त्या मिशनशाळेतील इंग्रजी यत्ता तपासणीच्या शिफारशीने बंद. अँडरसनला ज्या गोष्टीचे भय वाटत होते, म्हणजे शिकलेला मुलगा नोकरीत जाईल, नेमकी तीच गोष्ट त्या मुलाच्या बापाला हवी होती.

तपासणी करणारा आणि ज्याच्यासाठी काम चालले आहे तो, यांच्या मनातली 'यशाची' व्याख्या इतकी परस्परविरुद्ध असू शकते. प्रामाणिक तपासनीससुद्धा आपल्या व्याख्येनेच मोजतो, आणि अँडरसन प्रामाणिक होता असेच मला वाटते. त्याच्या धोरणामुळे मिशनरी शहरे सोडून खेड्यांत पसरले आणि नगर जिल्ह्यातील महारवाड्यांतून पुढे जी मंडळी उभी राहिली तिला या पांगण्याचा उपयोग झाला, हेही सांगितले पाहिजे. महारवाड्यात शाळा आली, अक्षर आले. पण ती शाळा कोठे थांबावी हे आधीच ठरले होते. महाराच्या मुलाने वाचावे, गावात उपदेश करावा. कचेरीत बसण्याची भाषा त्याने शिकण्याचे कारण नाही. नगरच्या मंडळीचे पहिले एतद्देशीय पाळक ब्राह्मण कुळातले होते आणि मंडळीतला मोठा भरणा महारांचा होता, ही गोष्टही ह्याच संदर्भात ध्यानात घ्यावी.

डेप्युटेशनवर अमेरिकेत मोठे वादळ उठले. मार्च १८५६ मध्ये आल्बनी येथे बोर्डाची खास सभा भरली. मिशनऱ्यांवर दडपण आणून ठराव करून घेतले काय, चिटणिसाने आपल्या अधिकाराबाहेर जाऊन निर्णय घेतले काय, हे वादाचे मुद्दे होते. दोन्ही बाजू अमेरिकन. शाळेतून बाहेर पडलेल्या पोरांचे काय झाले हा त्या वादाचा विषय नव्हता. विल्डर यांनी अँडरसनच्या धोरणाला विरोध केला. १८५७ मध्ये प्रकृतीच्या कारणाने ते मायदेशी गेले असता बोर्डाने कोल्हापूरचे ठाणेच बंद केले आणि पुढे त्यांच्याशी संबंधही तोडला. विल्डर हट्टी होते. १८६१ साली त्यांनी बोर्डाच्या हिंदुस्थानातील मिशनशाळांवर एक जाडजूड पुस्तक छापून आपला पक्ष मांडला आणि त्याच साली मित्रांच्या देणग्यांवर ते कोल्हापूरला परत आले. पुढे १८७० साली प्रेस्बिटेरियन बोर्डाने कोल्हापूर आपल्याकडे घेतले. सांगली, मिरज, कोडोली ही ठाणी त्यातूनच वाढली. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांचे रुग्णालय १८९४ साली सुरू झाले. एका अहवालाने मिटविलेले ठाणे एका माणसाच्या हट्टाने टिकले नसते, तर आज मिरजेच्या दवाखान्यांची जी कीर्ती आहे तिचा उगम कोठे झाला असता, हे सांगता येणार नाही. गंमत अशी की, याच विल्डर यांनी १८७८ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन येथून एक नियतकालिक काढले, आणि त्यात सगळ्या मिशन बोर्डांचे हिशेब ते जाहीरपणे तपासू लागले. ज्याची तपासणी झाली तोच तपासनीस झाला. पण तोही गोराच होता. कोल्हापूरच्या शाळेतला मांगाचा मुलगा तपासनीस झाला नाही.

ते धाडस जोतीरावांनी केले.

१८८२ सालचा हंटर आयोग म्हणजे १८५४ च्या खलित्याचा अठ्ठावीस वर्षांनंतरचा आढावा होय. तो व्हावा म्हणून विलायतेत ज्यांनी नेट लावला त्यांत मिशनरी मंडळींचा पुढाकार होता. सरकार खलित्याप्रमाणे वागत नाही, खाजगी संस्थांना पुरेसे अनुदान देत नाही, ही त्यांची तक्रार होती. म्हणजे येथेही आढावा अनुदान घेणाऱ्या संस्थांच्या गरजेतून निघाला. आयोगावर जे हिंदी सभासद होते ते उच्चभ्रू वर्गातले. मुंबई इलाख्यातून न्या. काशीनाथ त्र्यंबक तेलंग होते. महाविद्यालये सरकारने चालवावीत की खाजगी संस्थांनी, अनुदान किती द्यावे, या प्रश्नांभोवती सारी चर्चा फिरावी अशीच त्याची रचना होती.

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीरावांनी आपले निवेदन दिले. आयोगाने विचारलेल्या चौकटीत ते बसत नाही, आणि त्याचे मोल त्यातच आहे. जोतीरावांनी प्रश्नच बदलला. सरकारचा महसूल कोणाच्या घामातून येतो आणि तो कोणाच्या मुलांच्या शिक्षणावर खर्च होतो, असे त्यांनी विचारले. वरच्या वर्गाला शिकविले म्हणजे विद्या आपोआप खाली झिरपेल, या सिद्धान्ताचे अठ्ठावीस वर्षांत काय झाले ते दाखवा, असे ते म्हणाले. महारमांगांच्या शाळा किती, ते सांगा. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, शिक्षक कष्टकऱ्यांच्या वर्गातून घ्या. आपण व्यापारी आहोत, शेती करतो, नगरपालिकेचे सभासद आहोत आणि स्वतः शाळा चालविल्या आहेत, हा आपला अधिकारही त्यांनी सांगितला. मला काय मिळाले यापेक्षा माझ्या नावाने काय खर्ची पडले, हे त्यांनी आधी विचारले.

आयोगाने त्यांचे ऐकले काय? फारसे नाही. पण निवेदन छापले गेले, शिल्लक राहिले. शेचाळीस वर्षांनी, २९ मे १९२८ रोजी, बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सायमन आयोगापुढे मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणस्थितीचे निवेदन ठेवले. त्यात त्यांनी सरकारच्या शिक्षणधोरणाचा काळवार इतिहासच मांडला, आणि धारवाडच्या त्या महार मुलाची हकीकतही त्यात आली. त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. इलाख्याची सरासरी त्यांनी बाजूला सारली. प्रगत हिंदू, मध्यम, मागास, मुसलमान असे वर्ग वेगळे काढून प्राथमिक, माध्यमिक, महाविद्यालयीन अशा प्रत्येक पायरीवर कोण किती हे मांडले. सरासरीत सगळे सुखी दिसतात. पायऱ्या वेगळ्या केल्या की जिन्यात कोण कोठे अडले ते कळते. विल्डर यांच्या ३,३०० मुलांचे तेच. आकडा मोठा आहे, पण पायऱ्या आणि जाती वेगळ्या केल्याशिवाय तो बोलत नाही.

मिशनांचा आणखी एक मोठा आढावा १९३० ते १९३२ या काळात झाला. रॉकफेलर यांचा पैसा, हार्वर्डचे तत्त्ववेत्ते विल्यम अर्नेस्ट हॉकिंग अध्यक्ष, आणि सात अमेरिकन पंथांची मिशने, त्यांत कोल्हापूरचा प्रेस्बिटेरियन पंथही. अहवाल विचाराने उदार होता. पण हिंदुस्थान, ब्रह्मदेश, चीन, जपान इतका मुलूख तपासायला निघालेल्या त्या पंधरा जणांच्या आयोगात या देशांतला कोणी नव्हता. ज्या १९३२ साली आमच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न येरवड्यात पणाला लागला, त्याच वर्षी तो अहवाल प्रसिद्ध झाला.

आता पुन्हा चपलेकडे. कोल्हापुरी चपलेच्या बाबतीतही परदेशी मदतीने क्षमता वाढविण्याचा हा पहिला प्रयोग नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस बेळगाव जिल्ह्यातील अथणीत संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने, मद्रासच्या केंद्रीय चर्मसंशोधन संस्थेच्या तंत्राने आणि बंगळूरच्या एका स्वयंसेवी संस्थेच्या पुढाकाराने असेच काम उभे राहिले होते. तिथे बायकांचे बचतगट झाले, माल परदेशी गेला. बाई स्वतःच्या नावाने कारागीर म्हणून नोंदली गेली, ही त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. नव्या करारापूर्वी अथणीच्या बायकांना कोणी गाठले पाहिजे. काय टिकले, काय विस्कटले, बाहेरची माणसे निघून गेल्यावर हिशेब कोणी लिहिला, हे त्यांच्याइतके नेमके दुसरे कोणी सांगू शकणार नाही.

२०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. या मानांकनाचे नोंदणीकृत धनी मात्र दोन महामंडळे आहेत. जुलै २०२५ मध्ये प्राडाविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली, तीही नोंदणीकृत धन्याने स्वतः यावे या कारणाने. आता करारावर सही करणारेही तेच धनी. उद्या आढावा घेणारेही तेच असतील, तर देणारा आणि सही करणारा हे दोघे मिळून एकमेकांना प्रमाणपत्र देतील. महामंडळ १९७४ पासून चर्मकारांसाठी आहे, हे मला मान्य आहे. 'साठी' आणि 'चे' यांत फरक असतो, एवढेच म्हणणे आहे. आमच्या हातकणंगले तालुक्यातल्याच माणगावात मार्च १९२० मध्ये शाहू महाराजांनी जमलेल्या अस्पृश्यांना सांगितले ते हेच की, तुमचा पुढारी तुम्हांला तुमच्यातूनच मिळाला आहे.

म्हणून आढाव्याची आखणी तिसऱ्या वर्षी करून भागणार नाही. पहिला जोड बनण्यापूर्वी कारागिराला एका जोडामागे काय मिळत होते, कातडे कोठून येत होते, डोक्यावर देणे किती होते, हे कोणी लिहून ठेवले नाही तर तीन वर्षांनी 'उत्पन्न वाढले' हे वाक्य कशाच्या आधारे खरे किंवा खोटे ठरवायचे? आठशे युरोपैकी रापी आणि आरी धरणाऱ्या हातात किती पडले, याचा हिशेब जोडागणिक मिळाला पाहिजे. वेणी घालण्याचे बारीक काम बहुतेक घरांत बायका करतात. त्यांना इटलीला कोण नेणार की त्यांचे नवरे जाणार, हेही विचारावे लागेल. कातडे कमावणारा ढोर समाज या करारात कोठे आहे? मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैल-वळूंच्या कत्तलीवर बंदी आली, कातड्याचे गणित बदलले, आणि आज बऱ्याच कारागिरांना कातडे चेन्नईकडून आणावे लागते. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडे मुरविण्याचे ज्ञान ज्या हातांत होते ते हात रिकामे होत आहेत. शिलाईचे प्रशिक्षण देऊन ही क्षमता भरून निघत नाही.

प्रशिक्षण नेहमी वरून खाली वाहते, असे या भाषेत गृहीत धरलेले असते. पण कापशीचा घाट, कान, अंगठा, वेणी हे मिलानने इथून शिकले आहे. क्षमता त्यांचीही वाढली. तेव्हा त्यांनी काय शिकले आणि त्याचे मोल काय दिले, हा रकाना आढाव्यात असावा.

एक प्रश्न मात्र असा आहे की, तो प्राडा विचारणार नाही, महामंडळ विचारणार नाही आणि आपल्यातलेही काही जण विचारायला कचरतील. चांभाराच्या मुलाची चपला बनविण्याची क्षमता वाढविणे ही प्रगती आहे काय? जातिव्यवस्था ही श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहिले. ज्या धंद्याने विटाळ दिला त्याच धंद्याला आता युरोपची प्रतिष्ठा मिळाली म्हणून आपण हुरळून जायचे, आणि अँडरसनने महाराच्या मुलासाठी शाळेची हद्द आखली तशी आपल्या मुलांसाठी हद्द आखू द्यायची, हे मला पटत नाही. त्याचबरोबर ज्या हातांनी ही कला जगविली त्यांना, आता कला सोडा, असे सांगणेही क्रूरपणाचे आहे. माझ्या मते कसोटी निवडीची आहे. तीन वर्षांत किती घरांतील मुले शिकून दुसरीकडे गेली, किती जण दुसरा पर्याय असूनही या धंद्यात राहिले, आणि चर्मकार नसलेल्या किती तरुणांनी पैसा दिसल्यावर रापी हातात घेतली? शेवटच्या आकड्यावरून पुष्कळ काही कळेल. धंदा फायद्याचा झाला म्हणजे त्यात सवर्ण भांडवल येते आणि कारागीर पुन्हा मजुरीवर जातो, हे आपण अनेक ठिकाणी पाहिले आहे.

अहवाल मराठीत आणि कानडीत निघावा, छापण्यापूर्वी कोल्हापूरच्या सुभाषनगरात, कापशीत, अथणीत मोठ्याने वाचून दाखवावा, आणि तिथे ज्या हरकती येतील त्या मूळ मजकुरासोबतच छापाव्यात. आमच्या कॉलेजातील इतिहासाच्या काही विद्यार्थ्यांनी एक साधी वही केली आहे. जोड, मजुरी, कातडे, देणे, मुलांची यत्ता असे तिचे रकाने. पहिल्याच घरी 'कारागिराचे नाव' या रकान्याशी पेन थांबले. घरधन्याने स्वतःचे नाव सांगितले, आणि आत वेणी घालीत बसलेल्या बाईने विचारले, माझे कुठे लिहिता? आता वहीत त्या रकान्याचे दोन रकाने झाले आहेत.